नाना, साठ्यांचं कळलं का?

"नाना, साठ्यांचं कळलं का?"

"कुठले साठे? मुद्र्यातले? त्यांचा धाकटा परवाच दिसला स्टेशनवर. वडे बांधून घेत होता."

"मुद्र्यातले नव्हेत हो. लंडनचे. केशव साठे, तबलजी."

नानांनी पाण्याचा पाइप अळवाच्या वाफ्यात टाकला आणि कुंपणाशी आले. आमच्या दोन परसांमध्ये कडूमेंदी आहे. नानांनी ती मुद्दाम कमरेइतकीच ठेवली आहे. वर वाढली तर बोलायचं कुणाशी, हा त्यांचा हिशोब. त्यांची नोकरी रेल्वेत गेली. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून बँकर लागतात आणि लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात, त्या इंजिनांवर ते होते. आता तेच काम बातम्यांच्या बाबतीत करतात. दहिवलीत एखादी बातमी चढाला अडकली की नाना मागून लागतात.

"काय झालं त्यांचं लंडनला?" नानांचा आवाज आपोआप खाली आला.

"झालं काही नाही, वाजवलं. पन्नासच्या दशकात मुंबईहून विलायतेला गेले. तिथं कलकत्त्याचा जॉन मेयर होता, व्हायोलिनवाला, आणि जमैकाचा जो हॅरियट, सॅक्सोफोनवाला. दोघांनी मिळून १९६६ मध्ये 'इंडो-जॅझ सुइट' नावाची रेकॉर्ड काढली. पाच जण जॅझचे, पाच मेयरच्या बाजूचे. तबल्यावर आपले साठे. पुढच्या वर्षी जर्मनीत 'जॅझ मीट्स इंडिया' निघाली, तिच्यातही साठे. १९७२ ला 'मॅजिक कार्पेट' नावाचा लांब केसवाल्या पोरांचा एक ताफा होता, तिथंही साठे."

"साठ वर्षांची जुनी बातमी!" नाना खवळले. "बाई, शाळेत इतिहास शिकवता म्हणून काय कुंपणावर पण इतिहासच? ताजं काही असेल तर बोला."

ताजंही होतं, पण नानांना एकदम ताजं दिलं तर पचत नाही. मुलानं पुण्याहून येऊन माझ्या फोनमध्ये ते गाण्यांचं अॅप घालून दिलंय, तेव्हापासून खोपोली लोकलमध्ये माझ्या कानात हेच चालू असतं. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी. गाडीत गर्दी असली तरी बायका मला जागा देतात. त्यांना वाटतं बाईंना ऐकू कमी येतं म्हणून कानात यंत्र आहे. या संगीताची गोडी मामाकडून आली. काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस होतं तेव्हा मामा तिथं तासन्‌तास उभा राहून रेकॉर्डी ऐकायचा आणि एकही न घेता बाहेर पडायचा. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं.

"ते राहू दे," नाना म्हणाले, "चौकच्या त्या फार्महाऊसवाल्याचं काय? माझ्या मेहुण्याचा बांध लागून आहे त्याच्या जागेला. शनिवारी रात्री नुसतं धुडुम धुडुम. म्हशी दूध चोरायला लागल्यात म्हणतो."

"तो धिंगाणा त्याचा नाही. शनिवार-रविवार तो जागा भाड्यानं देतो, नाचतात ते भाडेकरू. माणूस स्वतः अगदी गरीब आहे. क्रीडादिनाच्या बक्षिसांसाठी आम्ही दोघी शिक्षिका गेलो होतो त्याच्याकडे. भिंतभर रेकॉर्डी! देणगीचं बोलायचं सोडून मी तिथंच उभी. एकीवर नाव काय असेल? 'कोंकण डान्स'."

"बाल्या डान्स?"

"नाही हो. अमान्सियो डिसिल्व्हा. गोंयकार आईबापांचा मुलगा, जन्म मुंबईचा, १९३६ चा. गिटार वाजवायचा. १९६७ ला लंडनला गेला. 'इंटिग्रेशन' नावाची रेकॉर्ड केली, मग त्याच जो हॅरियटबरोबर 'हम दोनो'. दोन्ही १९६९ च्या. आणि १९७२ च्या सुमारास ही 'कोंकण डान्स' वाजवून ठेवली. बाहेर कधी आली सांगा?"

"दोन-तीन वर्षांनी."

"२००६ ला."

नाना थोडा वेळ गप्प राहिले. पनवेल-कर्जत लोकलची वाट बघण्यात केस पिकलेला माणूस आहे, त्यांना अशी दिरंगाई मनापासून समजते. "मग त्याला पैसे मिळाले का काही?" त्यांनी विचारलं.

"तो १९९६ लाच गेला."

"अरेरे."

हे असं आहे बघा. रेकॉर्डींच्या या बाजारात दर शुक्रवारी नवं निघतं आणि त्यातलं निम्मं असं कपाटातून काढलेलं असतं. मला त्याचं वावडं नाही. उलट मी म्हणते, आमच्यापर्यंत जे पोचलंच नव्हतं ते आमच्यासाठी या आठवड्यातलंच. 'कोंकण डान्स' ऐकताना मला सगळ्यात आवडलं ते हे, की डिसिल्व्हा गिटारीला सतार करायला जात नाही. गिटार गिटारच राहते आणि तरी चाल आपल्या बाजूची वाटते. याच्या उलट शंकर-जयकिशनची 'रागा जॅझ स्टाइल' बघा, १९६८ ची. अकरा राग, सतारीवर रईस खान, सगळे वाजवणारे एकाहून एक. पण प्रत्येक रागाला तीन-चार मिनिटं दिलेली. तोडीनं आत येऊन चप्पल काढावी तेवढ्यात दार बंद. बैठकीत कौतुक करावं अशी रेकॉर्ड आहे, पुन्हापुन्हा लावावी अशी नाही. मुंबईच्या जाणकारांना हे पटणार नाही, पण मुंबईचे जाणकार कर्जतला येतात ते फक्त पावसाळ्यात.

"जॅझ जॅझ काय ते," नाना म्हणाले, "आपल्याला त्यातलं कळत नाही. आपण भगवानदादावाले."

मी याचीच वाट बघत होते. "नाना, 'अलबेला' कुणाचा?"

"भगवानदादांचा. संगीत सी. रामचंद्र. आपले चितळकर, पुणतांब्याचे."

"त्यातला ट्रम्पेट कुणाचा?"

"आता ट्रम्पेटचं कोण लक्षात ठेवतं?"

"चिक चॉकलेटचा. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. रात्री ताजमध्ये साहेबलोकांना नाचवायचा आणि दिवसा स्टुडिओत चितळकरांबरोबर बसायचा. १९५१ चा 'अलबेला' तुम्ही ज्या तालावर शिट्ट्या मारत बघितलात तो त्या ताजमधल्या नाचाचा ताल. मग? जॅझच ऐकत वाढलात की."

"अहो, म्हणजे मी…" नाना स्वतःवरच खूश झाले. लगेच घराकडे तोंड करून ओरडले, "ऐकलंस का गं, मी लहानपणापासून जॅझ ऐकतोय!"

काकू हातातली शेवग्याची शेंग मोडत बाहेर आल्या. "लहानपणापासून तुम्ही कुणाचंच ऐकलेलं नाही," म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "काय चाललंय गं बाई सकाळीसकाळी?"

काकू आल्या की विषय माणसांवर येतो. मी त्यांना आशा पुथलीचं सांगितलं. मुंबईची मुलगी, १९४५ चा जन्म. शास्त्रीय शिकलेली. अमेरिकेला जायचं म्हणून विमान कंपनीत हवाईसुंदरी झाली.

"घरी कळलं होतं का?" काकू.

"ते मला ठाऊक असतं तर मी शाळेत शिकवत बसले असते का? पण गेली आणि थेट ऑर्नेट कोलमनच्या रेकॉर्डवर गायली. 'सायन्स फिक्शन', १९७२ ची. कोलमन म्हणजे जॅझमधला भलताच अवघड माणूस. चाल कुठून निघाली नि कुठं जाणार याचा थांग लागू देत नाही. त्याच्या त्या गदारोळात ही दोन गाणी गाते, आणि स्वर कसा, निरांजनासारखा स्थिर. मग १९७६ ला 'द डेव्हिल इज लूज' काढली, त्यातलं 'स्पेस टॉक' न्यूयॉर्कच्या नाचघरांत वाजायचं. नंतर रॅपवाल्यांनी तिच्या गाण्यांचे तुकडे कापून आपल्या गाण्यांना लावले. आपल्याकडे कुणाला पत्ता नाही. २०२२ ला इंग्लंडमधल्या एका कंपनीनं तिची निवडक गाणी एकत्र काढली, तेव्हा इथल्या पेपरांना जाग आली."

"लग्न?" काकूंनी विचारलं.

"काकू, आपण गाण्याबद्दल बोलतोय."

"मी पण गाण्याबद्दलच विचारते. घर सांभाळून गायली की कसं, एवढंच." यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी शोभा गुर्टूंकडे वळले. काकूंची ती हळवी जागा. बेळगावची शोभाताई म्हटलं की काकू शेंग खाली ठेवतात. शोभाताईंचा मुलगा त्रिलोक गुर्टू, जगभर तालवाद्यं वाजवत फिरतो, जॅझवाल्यांत त्याचं मोठं नाव. १९८८ मध्ये त्याची 'उस्फ्रेट' नावाची रेकॉर्ड निघाली. ट्रम्पेटवर डॉन चेरी, म्हणजे त्याच ऑर्नेट कोलमनचा जुना साथीदार, आणि गायला कोण? आई.

"मुलाच्या रेकॉर्डवर आई?" काकूंच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "आमचा लेक फोन उचलत नाही."

नानांना आता राहवेना. त्यांचं म्हणणं असं पडलं, की हे सगळे गेलेले किंवा म्हातारे लोक झाले, आजचं काय? मघाशी मागितलेलं ताजं मी अजून दिलंच नव्हतं. आणि मधूनमधून हे फंक-फंक काय ऐकू येतं, तेही सांगा.

फंक सांगायला मला भजनाचा आधार घ्यावा लागला. नाना मंडळात पखवाज वाजवतात. मी विचारलं, सम कुठं? पहिल्या मात्रेवर, म्हणाले. जेम्स ब्राउननं साठच्या दशकात आपल्या वाजवणाऱ्यांना नेमकं हेच बजावलं होतं. आधीचं त्यांचं संगीत दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर टाळी देणारं. यानं सगळं वजन उचलून पहिलीवर ठेवलं. मधे काय हवा तो गोंधळ घाला, पहिलीवर सगळे एकदम पडा. त्यातून फंक निघालं.

"मग आपल्या गणपतीच्या बेंजोवाल्यांचं काय वेगळं आहे?"

"काहीच नाही. विसर्जनाला तो ऑक्टोपॅडवाला पोरगा समेच्या आधी मुद्दाम हात उचलतो, तेव्हा अख्खी मिरवणूक एक पाय वर धरून थांबते की नाही? तेच ते. फक्त तुमच्या पोराला विलायतेचं मर्क्युरी पारितोषिक मिळत नाही."

इझ्रा कलेक्टिव्हला मिळालं. लंडनची पाच पोरं, २०२३ मध्ये. जॅझच्या ताफ्याला ते पारितोषिक मिळण्याची ती पहिलीच वेळ. ड्रम आणि बासवर दोघे सख्खे भाऊ आहेत. २०२४ ला त्यांची 'डान्स, नो वन्स वॉचिंग' निघाली, ती नानांच्या मंडळानं नक्की ऐकावी. तालाचं मूळ नायजेरियाचं आहे, पण कर्जतच्या बाजारपेठेतून मिरवणूक काढायला काही हरकत येणार नाही. लंडनचाच सायमांडे नावाचा ताफा आहे. १९७१ मध्ये जमला, तीन-चार वर्षांत मोडला, आणि २०२५ च्या जानेवारीत 'रेनेसन्स' घेऊन पुन्हा आला. म्हाताऱ्यांनी मारलेली मुसंडी म्हणावी तर तशी नाही, सावकाश चालतात. पण एकमेकांच्या पायावर पाय देत नाहीत.

"आणि गेलं कोण?" नानांनी विचारलं. पेपर ते शेवटच्या पानापासून वाचतात.

या संगीताला २०२५ वाईटच गेलं तसं. मार्चमध्ये रॉय एअर्स गेला, जूनमध्ये स्लाय स्टोन, ऑक्टोबरात डिअँजेलो. डिअँजेलो ५१ वर्षांचा. आयुष्यात स्टुडिओत केलेल्या रेकॉर्डी तीन. पहिली १९९५ ला, दुसरी २००० ला, तिसरी २०१४ ला.

"दुसरी नि तिसरीत चौदा वर्षं?" नाना म्हणाले, "आपल्या गल्लीच्या गटाराचं काम पण त्याच्याकडेच होतं का?"

पण ती दुसरी, 'वूडू', एकदा ऐकाच. ड्रमवाला ताल मुद्दाम थोडा मागे ओढतो, दारू प्यालेला माणूस चुकेल चुकेल म्हणावं आणि दर वेळी बरोबर पायरीवर पाय पडावा, अशी चाल आहे तिची. नुसतं वेळेवर वाजवणं सोपं आहे. त्याच्यानंतर आलेल्या निम्म्या जगानं ती चाल उचलली आणि बहुतेकांचा पाय घसरला.

काकूंना सोल आवडेल असा माझा अंदाज होता आणि तो बरोबर निघाला. मी त्यांना रे चार्ल्सची कुचाळकी सांगितली: १९५४ मध्ये त्यानं देवळातल्या, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या, देवाच्या गाण्याच्या चालीवर बाईचं गाणं बसवलं. केवढा गहजब झाला. धर्म बुडाला म्हणाले लोक. आणि त्यातून सोल नावाचं सगळं घराणं उभं राहिलं.

"आमच्या मंडळात उलटं आहे," काकू म्हणाल्या. "सिनेमाच्या चालीवर अभंग बसवतात. परवा यांनी जो गजर घेतला ना, मला त्यात सारखी एक नटी दिसत होती."

"पुरे," नाना म्हणाले.

काकूंसाठी मी सांगून ठेवलं ते 'दी सेक्रेड सोल्स'चं. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोची तीन पोरं. २०२४ च्या 'गॉट अ स्टोरी टु टेल' मध्ये ते साठ सालातले असल्यासारखे गातात. नवं काही करत नाहीत, हा त्यांच्यावरचा आक्षेप मला मान्य आहे. पण दुपारी चहाच्या आधी जे ऐकायचं त्यात नवं असायलाच हवं असा काही कायदा नाही. आणि जे टाळायचं तेही सांगून टाकते. आंद्रे ३००० नावाचा नावाजलेला रॅपवाला, त्यानं २०२३ मध्ये रॅप सोडून नुसती बासरी फुंकली, जवळजवळ दीड तास. 'न्यू ब्लू सन'. सगळीकडे वाहवा. ज्यांच्या घरात एकदा तरी हरिप्रसाद चौरसियांचा दुर्गा वाजला असेल त्यांना पहिल्या दहा मिनिटांत डुलकी लागेल. त्यापेक्षा शबाका बरा. तोही लंडनचा, सॅक्सोफोनवर जीव टाकणारा माणूस. तो बाजूला ठेवून बासऱ्यांकडे वळला आणि २०२४ ला रेकॉर्ड काढली. त्याच्या फुंकेत निदान कुठं जायचंय ते ठरलेलं असतं.

"मराठी काही?" नाना म्हणाले. "का सगळं विलायतीच?"

सारथी कोरवारचं नाव मी आधी घेतलं. वाढला अहमदाबाद-चेन्नईत, तबला शिकला पुण्यात, आणि राहतो लंडनला. साठ्यांचीच वाट. २०१९ च्या त्याच्या 'मोर अरायव्हिंग'वर मुंबई-दिल्लीचे रॅपर आहेत. त्यातला एक 'स्वदेसी'मधला एमसी मवाली.

"नावच मवाली?" काकू.

"नाव मवाली, काम चांगलं. आरेचं जंगल तोडायला निघाले तेव्हा याच 'स्वदेसी'च्या पोरांनी वारल्यांचं गाणं केलं, तिथल्या प्रकाश भोईरांना बरोबर घेऊन. आपल्याकडे एवढ्या ठाकूरवाड्या, कातकरीवाड्या आहेत. डोंगर पोखरून बंगले उठतायत. कुणी गाणं केलंय?"

नानांनी पायाकडे बघितलं. त्यांच्या भाच्याचाही त्यात एक प्लॉट आहे, हे मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. म्हणून मी पुढं गेले.

"आणि नाना, गानव्या म्हणून एक मुलगी आहे. गानव्या दोराईस्वामी. जन्म न्यूयॉर्कचा, वाढली तामिळनाडूत, हरिकथा शिकली. जॅझवाल्यांत ऊठबस. २०२५ मध्ये तिची 'निलम' नावाची रेकॉर्ड आली. एक हार्प, एक मोठा डबल बास, आणि ती. बस. त्यात ती काय गाते सांगा."

"काय?"

"पसायदान."

पाइपाचं पाणी अळवातून उतरून आमच्या गवती चहाकडे यायला लागलं होतं, पण कुणी हललं नाही.

"तामिळ मुलगी? पसायदान?"

"त्यात नवल कसलं? तंजावरला आपले भोसले होते, १८५५ पर्यंत. त्यांच्या दरबारी मराठी कीर्तनकार जायचे. मोरगावकर बुवांचं कीर्तन ऐकून तिथल्या कृष्ण भागवतरांनी आपली हरिकथा घडवली. दिंडी, साकी, ओवी हे सगळं तिकडं पोचलेलं आहे. गेली दीडशे वर्षं ते लोक अभंग म्हणतायत, आपण विचारलं नाही एवढंच."

"उच्चार कसे आहेत?" नानांनी पखवाजवाल्याच्या संशयानं विचारलं.

"ळ आपल्यापेक्षा चांगला आहे तिचा. तामिळ आहे ना. आणि घाई नाही. आपण शाळेत म्हणतो ते घंटा व्हायच्या आत संपवायचं म्हणून. ती प्रत्येक ओळीनंतर थांबते, तेवढ्यात तो बासवाला एकच सूर धरून बसतो. लोकलमध्ये ऐकत होते, खोपोली आली तरी मी बसून. गाडी परत कर्जतला निघाली असती माझ्यासकट."

नाना विचारात पडले. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, म्हणजे काम गंभीर. "बाई, ते पाठवा. माझ्या फोनवर नको, तो भरलाय, हिच्यावर पाठवा. येत्या गुरुवारी आमच्याकडे सत्यनारायण आहे. माणसं जमली की सुरुवातीलाच लावू मोठ्यावर. कळू दे मंडळाला जॅझ काय असतं."

"अहो, काय बोलताय!" काकू म्हणाल्या. "सुरुवातीला पसायदान लावलंत तर लोकांना वाटेल कार्यक्रम संपला. उठून जातील सगळे."

"जाऊ देत," नाना म्हणाले. "गेल्या वेळेला शिरा कमीच पडला होता."